पगार असून बिनपगारी

घर घेण्यासाठी कर्ज मागावयास गेलेल्या माणसाकडे अमेरिकेतली पेढी आज पहिल्याच भेटीत ठराविक कागद मागते. मागील दोन वर्षांची मालकाने दिलेली वार्षिक वेतनपत्रे, गेल्या तीस दिवसांतल्या पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेच्या खात्याचा उतारा. शाळामास्तराला हे कागद आणावयास फार तर एक सकाळ लागते. परंतु त्याच मास्तराच्या घरी राहून त्याची दोन मुले लहानाची मोठी करणाऱ्या बाईला ते वीस वर्षे नोकरी करूनही आणता येत नाहीत, असे वारंवार घडते. तिला दर शुक्रवारी पाकीट मिळत आले आहे. त्या पैशांवर वाणी उधार देतो, घरमालक खोली देतो. पेढी मात्र तो पगार पगार म्हणून मोजावयास तयार नसते. बाई कामावर आहे आणि नाहीही, अशी ही अवस्था. ती कोठून आली हे पाहू गेल्यास नव्वद वर्षे मागे जावे लागते.

मुले सांभाळणाऱ्या बाईसाठी आपण 'आया' हा शब्द वापरतो. तो पोर्तुगीजांनी आपल्याला दिला आणि आपल्याकडून साहेबांच्या घरांत गेला. अमेरिकेत तिला 'नॅनी' म्हणतात. शब्द कोणताही घ्या, त्यात नात्याचा वास आहे, नोकरीचा नाही. "ती आमच्या घरचीच आहे" हे वाक्य दोन्ही देशांत सारख्याच मायेने उच्चारले जाते, आणि ज्या घरात ते उच्चारले जाते तेथे पगाराची पावती मागणे बाईला संकोचाचे वाटते. हा संकोच कायद्याने किती जपला, हीच पुढची हकीकत आहे.

१९३३ पूर्वी अमेरिकेत घरावर मिळणारे कर्ज आपल्या सावकारी गहाणाहून फार निराळे नव्हते. किमतीच्या निम्म्याच्या आसपास रक्कम स्वतः घालावयाची, उरलेली तीन ते पाच वर्षांच्या बोलीने उचलावयाची, तोवर व्याज भरत राहावयाचे आणि मुदत भरली की मुद्दल एकदम फेडावयाचे किंवा गहाणखत नवे करावयाचे. मंदी आली, खते नवी होईनात आणि घरे पटापट जप्त होऊ लागली. तेव्हा रूझवेल्टच्या सरकारने १९३४ च्या २७ जूनला गृहनिर्माणाचा कायदा केला. त्याने सरकार कर्जाचा विमा उतरू लागले. कर्जाची मुदत वीस वर्षांपर्यंत गेली, किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू लागले, आणि मुद्दल व व्याज मिळून दरमहा सारखा हप्ता फेडावयाची रीत रूढ झाली.

ह्या बदलाचे कौतुक पुष्कळांनी केले आहे व ते रास्तच आहे. पण त्यातली एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. जुना धनको मुख्यतः घर आणि ऋणकोची पत पाहत असे. दरमहाचा हप्ता आला तसे दरमहाच्या मिळकतीला महत्त्व चढले. वीस वर्षे न चुकता हप्ता यावयाचा, तर वीस वर्षे न चुकता पगार यावयास हवा. म्हणजे आता भिंतींच्या जोडीला मनुष्याची नोकरीही तारण झाली. आणि नोकरी तारण ठेवावयाची तर ती कोठेतरी लिहिलेली असावी लागते.

ती लिहिण्याची सोय पुढच्याच वर्षी झाली. १४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षेचा कायदा मंजूर झाला. प्रत्येक कामगाराला एक क्रमांक, त्या क्रमांकाखाली त्याच्या मिळकतीची सरकारदरबारी नोंद, मालक व कामगार दोघांचाही हप्ता, म्हातारपणी निवृत्तिवेतन. गरीब माणसाच्या पगाराला इतकी पक्की वही ह्यापूर्वी त्या देशात मिळालेली नव्हती. परंतु त्या वहीतून दोन प्रकारची माणसे नाव घेऊन वगळली : शेतमजूर, आणि खाजगी घरातले नोकर. कामगार संघटनांना मान्यता देणाऱ्या त्याच साली झालेल्या दुसऱ्या कायद्यातही घरनोकर वगळले गेले.

का वगळले, ह्यावर इतिहासकारांत अद्याप वाद आहे. काही म्हणतात, दक्षिणेतील गोऱ्या प्रतिनिधींना काळ्या नोकरांच्या हाती स्वतंत्र उत्पन्न जावयास नको होते. दुसरे म्हणतात, लाखो स्वयंपाकघरांतून दर आठवड्याला काही सेंट गोळा करणे शक्य नाही असे खुद्द अर्थमंत्री मॉर्गेन्थो ह्यांनीच सांगितले होते, आणि संख्येने पाहता वगळलेल्यांत गोरेच अधिक होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु कारण काहीही असो, परिणाम कोणावर झाला हे पाहिले पाहिजे. काळ्या कामकऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक ह्या कायद्याबाहेर राहिले. काळ्या लोकांच्या राष्ट्रीय संघटनेचे वकील चार्ल्स ह्यूस्टन ह्यांनी मसुदा असतानाच सेनेटच्या समितीपुढे जाऊन सांगितले होते की ही चाळणी आहे, आणि तिची भोके नेमकी आमचे बहुसंख्य लोक गळून पडतील एवढीच ठेवलेली आहेत.

त्याच १९३५ च्या नोव्हेंबरात 'क्रायसिस' मासिकात एला बेकर आणि मार्व्हल कुक ह्या दोघींनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका बाजाराचे वर्णन छापले. हा बाजार बायकांचा होता. सकाळी काळ्या स्त्रिया हातात कामाच्या कपड्यांची कागदी पिशवी घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहत. गृहिणी येत, घासाघीस करीत आणि तासाच्या दराने त्यांना घरी नेत. आपल्याकडच्या मजूरनाक्यांवर जे दिसते तेच. तेथे ठरलेल्या दराची चिठ्ठी कोण देणार? कित्येकींना ठरलेला दरही संध्याकाळी मिळत नसे.

तेव्हा घरात मुले सांभाळणाऱ्या बाईने १९४० साली पेढीत जाऊन कर्ज मागितले असते तर काय झाले असते? कागद नाही म्हणून नकार मिळाला असता, हे खरे. पण कागद असता तरी ती काळी असल्यास वस्ती आड आली असती. सरकारी विमा खात्याच्या नियमपुस्तकातच मिश्र वर्णाच्या वस्तीला कमी गुण द्यावे असे होते. तेव्हा अशा कुटुंबांनी घरे घेतली ती हप्तेबंदीच्या करारावर. ह्या करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घराची मालकी विकणाराकडेच राहते. एखादा हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेले पैसेही गेले. शिकागोच्या लॉनडेल भागातील अशा खरेदीदारांनी १९६८ साली संघटना करून हप्ते रोखून धरले, तेव्हा हा प्रकार देशाला नीट कळला. त्याच वर्षी घरांच्या व्यवहारात वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदाही झाला.

दरम्यान वही थोडी उघडली होती. १९५० च्या दुरुस्तीने १ जानेवारी १९५१ पासून 'नियमित' घरनोकर सामाजिक सुरक्षेत आले. नियमित म्हणजे कोण? तीन महिन्यांत एकाच घरी चोवीस दिवस काम आणि पन्नास डॉलर रोख पगार असलेली व्यक्ती. हिशेब करून पाहा. तीन महिन्यांचे तेरा आठवडे. आठवड्यातून एक दिवस ह्या घरी, एक दिवस त्या घरी असे सहा दिवस राबणारी बाई प्रत्येक घरी तेराच दिवस भरते. म्हणजे आठवडाभर राबूनही ती कोठेच नियमित नाही. ही दिवसांची अट १९५४ साली काढून टाकण्यात आली.

ज्या बायका अटीत बसत होत्या त्यांच्या मालकिणींनी काय केले? टेक्ससमधील मार्शल गावच्या काही गृहिणींनी बंड पुकारले. आम्ही सरकारच्या बिनपगारी करवसुली कारकून नाही, असे त्यांचे म्हणणे. हप्ता त्या वेळी दोघींचा प्रत्येकी दीड टक्का होता. आठवड्याला वीस डॉलर पगार धरला तर मालकिणीचे तीस सेंट आणि बाईचे तीस सेंट. साठ सेंटांसाठी प्रकरण वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले व गृहिणी हरल्या. रक्कम पाहून हसू येते, पण भांडण रकमेचे नव्हतेच. स्वयंपाकघरात एक नोकरी चालू आहे आणि आपण मालक आहोत, हे कागदावर कबूल करणे त्यांना जड जात होते.

पुढला टप्पा १९७४ चा. किमान वेतनाचा कायदा त्या वर्षी घरकामकऱ्यांना लागू झाला. ह्यामागे अटलांटाच्या डोरोथी बोल्डेन ह्यांच्यासारख्या स्त्रियांचे श्रम होते. त्या स्वतः घरकाम करीत. १९६८ साली त्यांनी संघटना काढली आणि सभासद होणारीने मतदार म्हणून नाव नोंदविलेच पाहिजे असा नियम केला. त्याच १९७४ मध्ये कर्जव्यवहारात स्त्री म्हणून भेद करण्यास बंदी झाली. तोवर मूल होईल, नोकरी सुटेल, ह्या भीतीने पेढ्या बायकांची मिळकत निम्मीशिम्मी धरीत. कायद्याच्या नजरेने आता दार उघडे होते. वहीत मात्र बहुतेक आयांची नावे अद्याप नव्हतीच, कारण नियम मोडणाऱ्याला कोणी विचारीत नव्हते. पन्नास डॉलरांची मर्यादा चाळीस वर्षे तशीच राहिली. महागाईने ती इतकी क्षुल्लक झाली की शेजारच्या शाळकरी मुलीने दोन-चार संध्याकाळी पोर सांभाळले तरी कर भरावयाचा! असा कायदा लोक पाळीत नाहीत, आणि क्षुल्लक न पाळता पाळता महत्त्वाचेही पाळीत नाहीत.

१९९३ च्या जानेवारीत हे झाकण उडाले. क्लिंटन ह्यांनी महान्यायवादीपदासाठी निवडलेल्या झोई बेअर्ड ह्यांनी पेरू देशाच्या, परवाना नसलेल्या जोडप्याला मूल सांभाळावयास व मोटार चालवावयास ठेवले होते व त्यांचा हप्ता भरला नव्हता, असे निघाले. त्यांना माघार घ्यावी लागली. वर्तमानपत्रांनी मालकिणीची फजिती रंगवून सांगितली. त्या जोडप्याच्या वहीचे काय झाले हे क्वचितच कोणी विचारले. १९९४ च्या ऑक्टोबरात मर्यादा वर्षाला हजार डॉलर करण्यात आली आणि हप्ता मालकाच्या वार्षिक आयकरपत्रकालाच जोडून भरावयाची सोय झाली. २०२४ साली ही मर्यादा २७०० डॉलर होती. आपल्याकडून न्यू जर्सीस गेलेल्या कुटुंबांनाही आया ठेवली की हे पत्रक भरावेच लागते. नातवंडे सांभाळावयास पुण्याहून गेलेल्या आजीचा प्रश्न येत नाही; स्वतःच्या आईला दिलेला पगार हा कायदा सहसा धरीतच नाही. तशी आजीला पगार देण्याची पद्धतही आपल्यात नाही.

आता एक पळवाट राहते. काही घरे आयेला रोख न देता धनादेश देतात, पण तिला 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणून दाखवितात. त्याने मालकाचा साडेसात टक्क्यांहून थोडा अधिक असलेला हिस्सा वाचतो आणि दोन्ही हिस्से मिळून १५.३ टक्के बाईच्या माथी येतात. कायद्याची कसोटी साधी आहे : काय करावयाचे एवढेच नव्हे, कसे करावयाचे हेही जो ठरवितो तो मालक. बाळाने केव्हा झोपावे, काय खावे, चित्रे किती वेळ पाहावी, हे आईबापच ठरवितात. मग बाई स्वतंत्र कशी? तरी कागद तसा झाला की पेढीचा हिशेबही फिरतो. नोकराचा पूर्ण पगार धरतात. व्यावसायिकाचा मात्र खर्च वजा जाता उरलेला नफा, तोही बहुधा दोन वर्षांच्या विवरणपत्रांवरून. २००८ पूर्वी काही पेढ्या ऋणकोने तोंडाने सांगितलेली मिळकत लिहून घेत असत. त्यातून जो अनर्थ झाला त्यावर १९१४ नंतरच्या शंभराव्या वर्षी, म्हणजे २०१४ च्या जानेवारीपासून, फेडण्याची ऐपत कागदांवरून पडताळून पाहिलीच पाहिजे असा नियम अंमलात आला. नियम योग्यच आहे. मात्र ज्यांच्याजवळ खरी मिळकत होती पण कागद नव्हता, त्यांचेही दार त्यानेच लागले.

एकट्या मालकांना दोष देणे बरोबर नव्हे. पगारातून कापले जाणारे पैसे आज दुधाला लागतात आणि कर्जाचा विचार दहा वर्षांनी सुचतो, म्हणून पुष्कळ बायका स्वतःच रोख मागतात. मग एखादीला घर दिसते, किंमत परवडेलशी असते, आणि ती मालकिणीला भीत भीत विचारते, माझे नाव वहीत घालाल का? घालावयाचे तर मागचे करही भरावे लागतात. मालकीण भली असली तर भरते. पण मिळकतीची नोंद दुरुस्त करावयाची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षे, तीन महिने आणि पंधरा दिवसांची आहे. त्याआधी तिने वाढविलेली मुले तोवर महाविद्यालयात गेलेली असतात.