खंड्याची पालखी

कुत्रा आणि मराठ्यांचा इतिहास म्हटलं की आपल्याला लगेच रायगडावरचा वाघ्या आठवतो. १९३६ साली तिथे त्याची समाधी उभी राहिली, २०१२ मध्ये पुतळा हटवला गेला, काही दिवसांत पुन्हा बसवला गेला, आणि वाद अजूनही मिटलेला नाही. कारण शिवकालीन कागदांत वाघ्या सापडत नाही. पण साताऱ्याच्या खंड्याचं तसं नाही. त्याची गोष्ट निदान दोनशे वर्षांपूर्वी छापली गेली, आणि त्याची समाधीही आहे. तरी त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

साताऱ्याच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा भेटतात. ते संगम माहुली. साताऱ्याच्या राजघराण्याचे अंत्यविधी इथे होत. राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्यांच्या या गर्दीत एक समाधी कुत्र्याची आहे. हा खंड्या, थोरल्या शाहू महाराजांचा लाडका कुत्रा.

गोष्ट अशी. महाराज वाघाच्या शिकारीला गेले असताना या कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याला जहागीर दिली, तीही तोंडी नाही, रीतसर सनद काढून. शिवाय पालखीचा मान दिला. पालखीचा मान म्हणजे त्या काळातली केवढी मोठी गोष्ट! चांगल्या चांगल्या सरदारांचा जन्म त्या मानाची वाट पाहण्यात जायचा. इथे तो कुत्र्याला मिळाला, आणि त्या पालखीचा सगळा सरंजाम दरबारने चालूही ठेवला.

हे लिहून ठेवलं जेम्स ग्रँट डफने. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये कंपनी सरकारने त्याला साताऱ्यात नेमलं. तिथले कागद आणि माणसं धुंडाळून त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ मध्ये लंडनला छापून आला. त्यात खंड्या येतो तो शाहू महाराजांच्या अखेरच्या दिवसांत, त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं हे सांगताना. भर दरबारात महाराजांनी कुत्र्याला भरजरी वस्त्रं घातली, दागिन्यांनी मढवलं आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. पुढे भानावर आल्यावरही त्यांनी पुन्हा कधी पगडी घातली नाही, असं डफ म्हणतो. सनद आणि पालखी हीसुद्धा त्याच्या लेखी राजाची लहरच.

मराठी परंपरेत हाच प्रसंग वेगळ्या अंगाने सांगतात. एक सरदार आपल्या श्रीमंतीचा तोरा मिरवत, दागिन्यांनी लगडून भेटीला येणार होता. महाराज साध्या वेषात बसले आणि सगळे दागिने घातले कुत्र्याला. दागिन्यांनी मोठेपण येत असेल, तर हा बघ तुझ्यापेक्षा मोठा! म्हणजे एकीकडे वेड, दुसरीकडे टोमणा. पण दोन्हीकडे कुत्रा नुसतं निमित्त आहे. या माणसाचा एका जनावरावर एवढा जीव का होता, हे कुणीच विचारत नाही.

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १६८९ मध्ये रायगड पडला आणि सात वर्षांचा शाहू आई येसूबाईंसह मोगलांच्या हाती लागला. पुढची साडेसतरा वर्षं बादशाही छावणीत गेली. औरंगजेबाच्या मुलीने, झीनतुन्निसाने, त्याला माया लावली. खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण छावणी हलेल तिकडे त्यानेही हलायचं. १६८२ चा जन्म, सुटका १७०७ मध्ये. तीही आईला ओलीस ठेवून. येसूबाई साताऱ्याला पोचल्या त्या १७१९ मध्ये.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, पाळणं आणि माणसाळणं. पाळायला पिंजरा, साखळी, वेळेवर दाणापाणी पुरतं. माणसाळणं मात्र समोरच्या जिवाच्या मर्जीवर असतं. आज सातारा-सांगलीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये कुणी हॅमस्टर आणतं, तेव्हा हा फरक पहिल्याच आठवड्यात कळतो. पाळीव सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळे १९३० मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळ बिळातून काढलेल्या एका विणीचे वंशज. म्हणजे माणसाशी ओळख शंभर वर्षांचीही नाही. एकटा राहणारा, रात्री जागणारा हा जीव वरून आलेल्या हाताला शिकारी पक्षी समजतो. हात पिंजऱ्यात नुसता ठेवून वाट पाहायची, वास ओळखीचा होऊ द्यायचा. मग कधीतरी तो आपणहून तळहातावर चढतो. ओढून काढला तर चावतो.

कुत्र्याची आणि आपली ओळख निदान चौदा हजार वर्षांची. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात धनगरांच्या कळपामागे जाणारा कुत्रा पाहा. (यातले आटपाडी आणि जत आज सांगली जिल्ह्यात. हा जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला.) गळ्यात दोर नाही, तरी तो रात्रभर मेंढरांभोवती जागतो. पळून जाता येत असूनही जो थांबतो, तो खरा आपला.

शाहू महाराजांचं आयुष्य या दोन शब्दांच्या मधे गेलं. सुटकेनंतर त्याच वर्षी पारदच्या लढाईत एका बाईने आपलं लहान मूल त्यांच्यापुढे आणून ठेवलं. महाराजांनी ते वाढवलं, फत्तेसिंह असं नाव दिलं. अक्कलकोटचं घराणं त्यातून उभं राहिलं. आपल्या जिवावर दुसऱ्याचा हक्क असणं म्हणजे काय, हे ओलीस राहिलेल्या माणसाला कळत असणार. खंड्या त्यांच्याजवळ थांबला आणि वाघासमोर उभा राहिला, तो ना जहागिरीसाठी ना पालखीसाठी. आयुष्यभर मागणाऱ्यांच्या गराड्यात बसलेल्या राजाला हे लागलं नसेल?

मला त्या सनदेत वेड दिसत नाही. उपकाराची नोंद करायची राजाकडे एकच भाषा होती, दफ्तराची. सरदाराने जीव वाचवला असता तर त्याला जहागीर मिळाली असती आणि कुणी भुवई उंचावली नसती. खंड्यालाही तोच न्याय मिळाला. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज गेले. त्यांनाही माहुलीलाच नेलं.