तान्हा पट्टा

सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा विदर्भात नावाजलेला. आदल्या दिवशी मोठ्यांचे बैल, दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी नंदी. लेकरांना त्यांच्या मापाचं वेगळं काही हवं, हे इथल्या लोकांना केव्हाच उमगलं होतं. बीपीच्या मशीनला ते उमगायला फार वेळ लागला.

इंग्लंडातल्या स्टीफन हेल्स या पाद्र्याने घोडीच्या धमनीत नळी बसवली आणि तिच्यात रक्त 8 फुटांवर चढलेलं पाहिलं. 1733 साली त्याने ते छापलं. माणसावर असला प्रयोग कोण करू देणार? 1896 मध्ये इटलीत रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला गुंडाळायचा रबरी पट्टा पाऱ्याच्या नळीला जोडला. (इंग्रजीत त्याला कफ म्हणतात, आपल्याकडे तो शब्द खोकल्याने आधीच अडवलाय.) हा पट्टा जेमतेम 5 सेंटिमीटर रुंद होता. अरुंद पट्ट्याने धमनी दाबायला हवा जास्त भरावी लागते, म्हणून आकडा फुगायचा. 1901 मध्ये रेकलिंगहाउझेन यांनी पट्टा रुंद केला, तर 1905 मध्ये कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने ठोके ऐकायची रीत दिली. मशीन जमली, पण मोठ्यांच्या दंडाची.

तोच पट्टा लेकराच्या काडीसारख्या दंडावर बांधला की उलटं होतं. आकडा कमी येतो आणि वाढलेलं बीपी लपून राहतं. शिवाय मोठ्यांना जशी 140/90 ची रेघ, तशी एकच रेघ लेकरांना लावता येत नाही. वय, मुलगा की मुलगी आणि उंची पाहून तक्त्यात बोट फिरवावं लागतं. अमेरिकेत लेकरांच्या बीपीवरचा पहिला मोठा अहवाल 1977 चा.

आपल्या सिंदीहून रेल्वेने वर्ध्याकडे निघालं की सेवाग्राम लागतं. तिथे गांधीजींच्या वाढलेल्या बीपीची काळजी वाहणाऱ्या डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये मेडिकल कॉलेज उभं केलं. त्याच कॉलेजच्या डॉक्टरांनी वर्धा जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या 6 ते 17 वर्षांच्या 2643 शाळकरी मुलांचं बीपी मोजलं. ते निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. वाढलेलं बीपी निघालं 5.75 टक्के मुलांत. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात तिघं-चौघं, आणि बहुतेकदा कुठलंही लक्षण नसताना. मला हा आकडा लहान वाटत नाही.

मोजायलाही सबुरी लागते. पट्टा आवळला की पोरगी डोळे मोठे करून विचारते, “सुई तर नाही ना देत जी?” त्या भीतीनेच आकडा वर जातो. म्हणून तिला पाच मिनिटं स्वस्थ बसवायचं, पाठ टेकलेली, पाय लोंबकळत नाहीत असे, उजवा हात छातीच्या पातळीवर. आकडा जास्त आला तरी लगेच शिक्का मारायचा नाही, वेगवेगळ्या दिवशी तीनदा पाहायचं.

आणि पट्टा कोणता, ते जरूर विचारा. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान 40 टक्के हवी. 18 सेंटिमीटरच्या दंडाला साधारण 7 सेंटिमीटर.