‘संशयकल्लोळ’मधील शब्द आणि जबलपूरचा मराठी प्रेक्षक

गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ या विनोदी नाटकाचे मूळ मोलिएर यांच्या १६६० मधील फ्रेंच प्रहसनात आहे. आर्थर मर्फी यांनी १७६१ मध्ये त्याचा इंग्रजी अवतार रंगभूमीवर आणला. त्याच्या आधारे देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले आणि १९१६ मध्ये त्याला संगीत रूप मिळाले.

जबलपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. जबलपूरच्या मराठी कुटुंबांतील नव्या पिढीचे शिक्षण व व्यवहार मात्र प्रामुख्याने हिंदीत होतात. त्यामुळे या नाटकातील काही शब्द तिला वेगळ्या अर्थाने ऐकू येतात.

तसबीर : चित्र. महाराष्ट्रात ‘फोटो’ने हा शब्द मागे सारला, जबलपुरात हिंदी ‘तस्वीर’मुळे तो सहज कळतो. अश्विनशेठची तसबीर फाल्गुनरावाच्या पत्नीच्या, कृत्तिकेच्या, हाती लागते आणि संशयाला पुरावा मिळतो.

घोटाळा : येथे अर्थ गोंधळ, गफलत. आजच्या हिंदीत आणि मराठी बातम्यांतही हा शब्द आर्थिक अपहारासाठी रूढ आहे.

कल्लोळ : मूळ अर्थ मोठी लाट, मराठीत गदारोळ. हिंदीतील ‘कल्लोल’ला क्रीडा, आनंद अशीही छटा आहे. ती धरल्यास शीर्षकाचाच अर्थ पालटतो.

नायकीण : हिंदीतील ‘नायिका’ नव्हे. गाणे-बजावणे हा ज्यांचा व्यवसाय, अशा कुळातील स्त्री. रेवती ही मघा नायकिणीची मुलगी आहे. हा शब्द न कळल्यास अश्विनशेठशी विवाह करण्याची तिची इच्छा तत्कालीन रूढीला किती धक्का देणारी होती, हे ध्यानात येत नाही.

पात्रांची नावे : पुरुषांना महिन्यांची नावे आहेत : फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या म्हणजे भाद्रपद. स्त्रियांना नक्षत्रांची : कृत्तिका, रेवती, मघा, रोहिणी. हिंदी ‘भादों’ परिचित असल्याने भादव्या चटकन उमगतो; आश्विनास ‘क्वार’ म्हणणाऱ्यांना अश्विनशेठमधील महिना मात्र सांगावा लागतो.

विनोदाचे स्पष्टीकरण द्यावे लागले की हशा ओसरतो. म्हणून प्रयोगापूर्वी असे चार-पाच शब्द सांगून ठेवणे उपयुक्त ठरते. त्यातही ‘नायकीण’ हा शब्द प्रथम सांगावा. बाकीचे न कळल्यास एखादी कोटी निसटते, तो न कळल्यास रेवतीच निसटते.