घोडीला विचारलं कुणी?

मागच्या आठवड्यात कार्यक्रम संपल्यावर एका ताईंचा फोन आला. त्यांच्या घरी गाड्यापुढं पळणारी घोडी आहे. आपल्या भागात बैलगाड्याच्या घाटात पुढं घोडी आणि मागं बैल, हे तुम्हाला सांगायला नको. ताई म्हणाल्या, "आमचे हे म्हणतात, तिला पळायला आवडतं, बघ कशी कान टवकारते. आणि खाणंपिणं तर असं, की लेकरांच्या आधी तिचं दूध काढून ठेवावं लागतं. मग तिचं चांगलंच चाललंय म्हणायचं का? तुमचे आजोबा घोड्यांत होते ना, तुम्हीच सांगा."

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, रेसच्या घोड्यांचे मोतद्दार होते. पावसाळ्यात पुणं आणि दिवाळीनंतर मुंबई, असं त्यांचं वर्ष. पुण्याच्या शर्यती जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, मग सगळी पागा महालक्ष्मीला हलायची ती एप्रिलपर्यंत. घोड्याच्या शेजारी पोतं टाकून झोपायचं, पहाटे चारला उठून खरारा करायचा. घोड्याला चंदी मोजून, आबांना पगार मोजून. त्यांनी जन्मात एक रुपयाही घोड्यावर लावला नाही, हे आजी फार अभिमानानं सांगायची.

ताईंचा प्रश्न साधा वाटतो, पण मुंबईत दोनशेहून जास्त वर्षं घोडे पळवले गेले आणि हा प्रश्न कुणी विचारल्याचं फारसं सापडत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज अंमलदारांनी भायखळ्याला शर्यती सुरू केल्या. इराणच्या आखातातून गलबतांनी अरबी घोडे मुंबईला यायचे. पलटणीला घोडे लागत, त्यातले चपळ निवडून शर्यतीत जात. पुढं भायखळ्याची जागा अपुरी पडली आणि १८८३ साली महालक्ष्मीच्या दलदलीच्या जमिनीवर भर घालून नवं मैदान उभं राहिलं. १९४३ साली तिथं पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकली 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' नावाच्या घोडीनं. घोड्यांच्या वंशावळीत मात्र मान बापाचा. जगातल्या सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा वंश तीन नरांपर्यंत नेऊन सांगतात आणि त्या तिघांची नावं रेसवाल्यांना पाठ असतात. ज्या घोड्यांच्या पोटी हा वंश वाढला त्या माद्यांची नावं फारशी कुणी घेत नाही. असो, हे आपल्याला नवीन नाही.

त्याच काळात, त्याच शहरात, दुसरंही काही घडत होतं. १८७४ साली मुंबईत प्राण्यांचा छळ रोखणारी मंडळी एकत्र आली आणि त्यांनी संस्था काढली. १८८०च्या दशकात परळला जनावरांचं मोठं इस्पितळ उभं राहिलं, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं. साकरबाई म्हणजे गिरणीमालक दिनशा पेटिट यांच्या पत्नी. ते इस्पितळ आजही आहे. त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकाचं कॉलेज सुरू झालं. मुंबईच्या रस्त्यांवर ट्राम ओढणारे, बग्ग्या ओढणारे, खटारे ओढणारे हजारो घोडे-बैल होते. लंगडणारे, खांद्याला जखमा झालेले. लोकांच्या डोळ्यांपुढं होते म्हणून त्यांची दया आली. शर्यतीचा घोडा डोळ्यांपुढं यायचा तो तुकतुकीत अंगाचा, रंगीत कपड्यातला जॉकी पाठीवर घेऊन. त्याची कशाला कुणाला दया येईल?

कायदेही बघा. मुंबई इलाख्यात १९१२ साली रेसकोर्सच्या परवान्यांचा कायदा आला. त्याचं लक्ष जुगारावर होतं. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं घोड्यांच्या शर्यतीबद्दल मोठा निकाल दिला. तिथंही प्रश्न होता की हा नशिबाचा खेळ आहे की कौशल्याचा. कोर्टानं कौशल्याचा ठरवला. २०१३ साली महालक्ष्मीच्या जमिनीचा भाडेपट्टा संपला, तेव्हापासून वर्षानुवर्षं पेपरात वाद चालला. बाग करायची की मैदान ठेवायचं, किती एकर कुणाचे. जुगार, नशीब, जमीन. घोडं कुठं अडलं म्हणतो आपण, पण इथं घोडं चर्चेतच नव्हतं.

प्राण्याच्या बाजूनं बोलणारा कायदा आपल्याकडं आला त्यामागं एक बाई होत्या. रुक्मिणीदेवी अरुंडेल. भरतनाट्यम् नर्तिका म्हणून त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. राज्यसभेवर नेमणूक झाल्यावर त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. सरकारनं ते मागं घ्यायला सांगितलं, पण विषय उचलला आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच कायद्याच्या आधारानं २०१४ साली सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यत बंद केली. त्या वेळी आपल्या गावागावांत काय वातावरण होतं ते आठवतंय ना? कोर्टाचं एक म्हणणं असं होतं, की बैलाचं शरीर अशा पळण्यासाठी घडलेलं नाही, तो पळतो तो भीतीनं आणि वेदनेनं. मग आपल्या राज्यानं तज्ज्ञांची समिती नेमून बैल पळू शकतो का याचा अहवालच तयार करून घेतला. राज्याच्या कायद्यात बदल झाला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो बदल उचलून धरला.

या सगळ्या वादात घोडा आपोआप सुटला. घोडा तर पळण्यासाठीच जन्मलाय, असं सगळेच धरून चालले. मला इथं थोडं थांबावंसं वाटतं, कारण हे धरून चालणं अर्धं खरं आहे.

खरं किती, तर बरंच. निवांत उभ्या घोड्याचं काळीज मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं, भरधाव पळताना ते दोनशेच्या वर जातं. पळायला लागलं की त्याची प्लीहा साठवलेलं रक्त अंगात सोडते. टापांच्या तालावर श्वास चालतो. असं शरीर पळण्यासाठीच घडलेलं आहे. शिंगरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभं राहतं आणि दुसऱ्या दिवशी आईभोवती उड्या मारतं. कोवळ्या वयात बेतानं पळवलं तर हाडं घट्ट होतात, असंही जनावरांचे डॉक्टर सांगतात. शर्यतीत जॉकी पडला तर मोकळा घोडा पुष्कळदा इतरांबरोबर पळत राहतो, हे तर पाहणाऱ्यांनी पाहिलेलंच आहे. मालक लोक हाच पुरावा देतात. पण घोडा कळपातलं जनावर आहे. कळप पळतो तर तो पळणार. एकटं मागं राहिलेलं घोडं वाघाच्या तोंडी जातं, ही आठवण त्याच्या रक्तात आहे. त्याला पहिलं यायचं असतं की एकटं राहायचं नसतं, हे मोकळ्या घोड्याकडं बघून सांगता येत नाही.

आणि चाबूक? आवडीनं पळणाऱ्याला चाबूक कशाला? ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली शर्यतींचे टप्पे मोजले. घोडे सर्वांत वेगात होते ते चाबूक उगारण्याआधीच्या टप्प्यात. शेवटी फटके पडत होते तेव्हा थकून वेग उतरतच होता. २०२० साली त्याच विद्यापीठानं घोड्याची आणि माणसाची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिली. वेदना कळवणारे मज्जातंतू दोघांत सारखेच दाट निघाले. नॉर्वेनं १९८२ सालीच शर्यतीतला चाबूक बंद केला. इंग्लंडमध्ये बंद नाही, पण सपाटीच्या शर्यतीत सहा फटक्यांची मर्यादा आहे. सहाच का, पाच का नाहीत, हे मात्र मला आजवर कळलेलं नाही.

भरधाव पळताना फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. दुर्बीण घालून पाहिलं तर बहुतेक शर्यतीच्या घोड्यांत थोडंफार रक्त सापडतं, कधी ते नाकातून दिसतं. पोटाचंही तसंच. घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं चरण्यासाठी आहे. त्याला तबेल्यात बांधून दोन-तीन वेळा दाणा दिला की रिकाम्या पोटात आम्ल साठतं. शर्यतीच्या बहुसंख्य घोड्यांच्या जठरात व्रण आढळतात. म्हणजे बदाम-अंडी खाणाऱ्याचं पोट दुखत असतं, आणि आपण म्हणतो, काय थाट आहे!

आबा डॉक्टर नव्हते, पण त्यांचं निरीक्षण मला पटतं. त्यांची एक तांबडी घोडी होती. पहाटेच्या दौडीला ती स्वतःहून दारात येऊन उभी राहायची, लगाम घालायला तोंड पुढं करायची. शर्यतीच्या दिवशी सकाळची चंदी कमी मिळायची. त्यावरून तिला उमजायचं. मग ती तबेल्याच्या मागच्या भिंतीला तोंड लावून उभी राहायची. तिला बाहेर काढायला दोघं लागायचे. आबा म्हणायचे, "पळायचं तिला वावडं नाही. त्या दिवसाचं वावडं आहे."

ती तीन शर्यती जिंकली. मग पाय सुजायला लागला. मालकानं विकली ती कुठं गेली, आबांना कुणी सांगितलं नाही. आजी म्हणायची, ते दोन दिवस जेवले नव्हते.

शर्यतीनंतर घोड्याचं काय होतं, याची एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरापर्यंत येते. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय. त्यांच्याकडची शर्यतीतून उतरलेली घोडी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेला दिली जात. घोड्याला विष अगदी थोडं थोडं टोचतात, त्याच्या रक्तात विषाला उतारा तयार होतो, ते रक्त काढून त्यातून औषध करतात. हाच धागा धरून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट काढली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, यातलं काही चावलं आणि सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, की ते कुठल्या ना कुठल्या घोड्याच्या रक्तातून आलेलं असतं. माझ्या जावेला भातलावणीत घोणस चावली होती. ती वाचली. म्हणून घोड्याच्या उपयोगाबद्दल मी नाक वर करून बोलू शकत नाही. पण उपयोग आपला झाला. घोड्याचा झाला असं त्यातून निघत नाही.

तर ताई, तुमच्या घोडीला पळायला आवडत असेलच. मोकळ्या रानात सोडून बघा, पळते का, आणि किती वेळानं आपणहून थांबते. घाटातनं आल्यावर नाकाशी रक्त दिसतं का, खाताना मधेच तोंड काढते का, दात खाते का, जत्रेच्या दिवशी दावणीला कशी उभी असते, हे बघा. कान टवकारले म्हणजे आनंदच असतो असं नाही, भीतीनंही कान उभे राहतात. घरात तिच्याजवळ सगळ्यात जास्त वेळ तुम्ही असता, पाणी तुम्ही पाजता, शेण तुम्ही काढता. जत्रेला अजून तीन आठवडे आहेत. काय दिसलं ते आमच्या केंद्रावर फोन करून कळवा, पुढच्या बुधवारी आपण ते सगळ्यांना ऐकवू. आणि दुधाचं म्हणाल, तर घोडीला दूध लागत नाही. तिला गवत हवं, दिवसभर, भरपूर. ते दूध लेकरांना द्या.