अवटु-प्रतिपिंड

अवटु ग्रंथीच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या थायरॉइडच्या, प्रथिनांविरुद्ध शरीर स्वतःच तयार करते ते प्रतिपिंड. मुख्य प्रकार तीन : थायरोग्लोब्युलिनविरोधी, थायरॉइड पेरॉक्सिडेज ऊर्फ टीपीओ-विरोधी आणि टीएसएच-ग्राहीविरोधी. तपासणीच्या अहवालात ही नावे शेजारीशेजारी छापली जातात, त्यामुळे तिन्हींचे काम एकच असावे असा समज होतो. तो चुकीचा आहे.

ग्रंथीच्या कामावर थेट हुकमत चालते ती ग्राहीविरोधी प्रतिपिंडांची. एरवी पोष ग्रंथीचे टीएसएच हे हॉर्मोन अवटु-पेशींवरील ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, जोडले जाते आणि पेशी थायरॉक्सिन बनवतात. ते पुरेसे झाले की टीएसएच उतरते. उत्तेजक प्रतिपिंड त्याच ग्राहीला जोडले जातात, पण थांबण्याची ही सोय त्यांना लागू नाही. टीएसएच जवळजवळ शून्यावर गेले तरी ग्रंथी राबतच राहते. हाच ग्रेव्हज रोग : छातीत धडधड, हातांना कंप, खाऊनही घटणारे वजन. न्यूझीलंडमध्ये ॲडम्स आणि पर्व्हस यांना १९५६ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तात दीर्घकाळ टिकणारा उत्तेजक घटक आढळला. तो पुढे प्रतिपिंडच ठरला. याच ग्राहीला अडवून धरणारे रोधक प्रतिपिंडही असतात. त्यांच्यामुळे ग्रंथी मंदावते. क्वचित एकाच रुग्णात आधी एक, मग दुसरा प्रकार वरचढ होतो.

ग्राहीविरोधी प्रतिपिंड वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतात. आईची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली असली, ती रोज गोळी घेऊन ठणठणीत असली, तरी तिच्या रक्तातले उत्तेजक प्रतिपिंड बाळाची ग्रंथी चेतवू शकतात. म्हणून पूर्वी ग्रेव्हज झालेल्या गरोदर स्त्रीने तो इतिहास डॉक्टरांना सांगणे फार महत्त्वाचे. जन्मानंतर आईकडून आलेले प्रतिपिंड काही महिन्यांत विरतात आणि बाळाचा आजारही ओसरतो.

हाशिमोटो रोगाची गोष्ट वेगळी. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या गलगंडांत लसिका-पेशींची दाटी पाहिली. १९५६ मध्ये लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांत थायरोग्लोब्युलिनविरोधी प्रतिपिंड दाखवले. आज निदानाला टीपीओ-विरोधी प्रतिपिंड अधिक उपयोगी पडतात. पण ग्रंथीची नासधूस मुख्यतः टी-पेशी या लसिका-पेशी करतात. हे प्रतिपिंड बव्हंशी त्या हल्ल्याची खूण आहेत. ते असूनही अनेकांची ग्रंथी वर्षानुवर्षे नीट चालते. इंग्लंडमधील व्हिकम येथील २० वर्षांच्या पाहणीत, प्रतिपिंड आणि वाढलेले टीएसएच दोन्ही असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे ४.३ टक्के स्त्रियांना अवटु-न्यूनता जडली. नुसते प्रतिपिंड असलेल्यांत हे प्रमाण सुमारे निम्मे होते. न्यूनतेवर दिल्या जाणाऱ्या थायरॉक्सिनच्या गोळीची मात्रा टीएसएच पाहून ठरते; निदान झाल्यावर टीपीओ-विरोधी प्रतिपिंडांचा आकडा पुन्हापुन्हा मोजून ती बदलत नाही.