शिवनेरीवरच्या यवनाचा भोजनमंडप

शिवनेरी म्हटले की शिवजन्म आठवतो, आणि त्यात काही वावगे नाही. पण गडाच्या कातळात कोरलेली लेणी गडाच्या तटबंदीहून कितीतरी जुनी आहेत. त्यांतल्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीतली एक छोटी नोंद आहे. गत नावाच्या लोकांपैकी चिट या यवनाने, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीकाने, हा भोजनमंडप संघाला दान दिला, एवढाच तिचा आशय. जुन्नरच्याच लेण्यांत इरिल नावाचा दुसरा यवन पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, खोदवून देतो, आणि मानमोडीच्या डोंगरात चंद नावाचा तिसरा यवन दर्शनी भागाचा खर्च उचलतो. अक्षरांच्या वळणावरून हे लेख साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले मानले जातात. पहिल्या दोघांनी निवडलेले दान पाहण्यासारखे आहे: भिक्षूंना बसून जेवायची जागा आणि पावसाळ्यानंतरही पुरेल असे पाणी. ज्याला या डोंगरातला उन्हाळा माहीत आहे, त्यालाच दोन टाक्यांची किंमत कळते. राष्ट्राराष्ट्रांतल्या शांततेविषयी बोलताना आपण राजे, तह आणि परिषदा यांच्यापुढे सहसा जात नाही. जुन्नरचा पुरावा मला वेगळ्या दिशेला नेतो. इथला परक्यांशी सलोखा राजांच्या स्नेहावर उभा नव्हता. तो व्यवहाराच्या अशा व्यवस्थांवर उभा होता, ज्या मोडणे जिंकणाऱ्यालाही परवडत नव्हते.

या व्यवस्थांचे मूळ घाटात आहे. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल कल्याणहून निघून वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढायचा आणि जुन्नरला येऊन पुढे प्रतिष्ठानकडे, म्हणजे पैठणकडे जायचा. आंबेगावातल्या आहुप्यासारख्या वाटाही कोकणात उतरतात, पण राबता आणि राजसत्तेची नजर होती ती नाणेघाटावर. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. त्यात धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन करून यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांची जंत्री दिली आहे. राजघराण्याच्या पुतळ्यांपैकी आज पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांचा, असे परंपरा सांगते. वैदिक यज्ञ करणाऱ्या घराण्याची पाटी घाटात, त्याच वाटेच्या पुढच्या टोकाला दीडशेहून अधिक बौद्ध लेणी, आणि त्यांच्या दात्यांत यवन. हा योगायोग नव्हे. वाट चालती राहिली तर जकात, आणि वाट चालती राहायची तर वाटसरूला मुक्काम, पाणी आणि पैसा सांभाळणारा विश्वासू माणूस हवा. मुक्काम आणि पाणी लेण्यांनी दिले, पैसा सांभाळला श्रेणींनी, म्हणजे व्यापारी-कारागिरांच्या संघटनांनी.

श्रेणींचा भाग जरा सावकाश पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. जुन्नरच्या लेखांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी लेणे दान देते. बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाचा पैसा ठेव म्हणून दिला जातो. अशी ठेव कशी चाले याचा सगळ्यात स्पष्ट लेख नाशिकला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त हा शक. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले: २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रे आणि किरकोळ खर्च भागवायचा. परका राजपुरुष आपला पैसा स्थानिक विणकरांच्या हाती कायमचा सोपवतो, याचा अर्थ आपले राज्य गेले तरी हे कारागीर व्याज देत राहतील, असा त्याचा हिशेब होता. आजच्या कुठल्या बँकेवर एखादा सत्ताधीश इतका भरवसा टाकेल, हा प्रश्न बाजूला ठेवू.

यावर पहिला आक्षेप असा की हे यवन खरोखर परदेशी होते कशावरून? चंद हे नाव तर इथलेच वाटते, आणि हे लोक पिढ्यान्‌पिढ्या भारतात राहिलेले असू शकतात. असतीलही. पण मग माझा मुद्दा दुबळा होत नाही, उलट घट्ट होतो. इथले नाव घेऊन, इथल्या भाषेत लेख कोरवून, इथल्या संघाला दान देऊनही माणूस नावाआधी आपली ओळख कोरवतो. ती लपवावी असे त्याला वाटले नाही आणि ती पुसून टाकावी असे दान घेणाऱ्यालाही वाटले नाही. एकत्र नांदण्यासाठी एकसारखे होण्याची अट तिथे घातलेली दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. हा सगळा काळ लढायांचा होता. मानमोडीतच नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, वर्ष ४६ चा. शक संवत धरला तर इ.स. १२४. म्हणजे सातवाहनांचे जुन्नर तेव्हा शकांच्या हाती होते. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, आणि त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या नाशिकच्या लेखात शक, यवन आणि पल्हवांचा नाश करणारा असे त्याचे वर्णन आहे. व्यापाराने तरी काय रोखले? ‘पेरिप्लस’ हा पहिल्या शतकातला ग्रीक ग्रंथ सांगतो की कल्याण एके काळी रीतसर बंदर होते, पण सत्ता बदलल्यावर तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. बंदर अडवले की घाटाचे काय होत असेल, ते सांगायला नको. सोयरीकही कामी आली ती बेताचीच: शक क्षत्रप रुद्रदामनाने गिरनारच्या लेखात सातकर्णीला दोनदा हरवल्याचे आणि जवळच्या नात्यामुळे त्याचा समूळ नाश न केल्याचे नोंदवले आहे. नाते होते, तरी लढाई दोनदा झालीच.

शिवाय परकी वस्तू डोंगरात येण्याची दुसरी वाटही या भागाला चांगली ठाऊक आहे. घोडेगावावरून भीमाशंकरला जाणारा भाविक देवळाच्या आवारात जी मोठी घंटा पाहतो, ती पोर्तुगीज चर्चमधली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर ती इथे आली. चिटाचा मंडप आणि ही घंटा, दोन्ही परक्यांच्याच, पण एक देणाऱ्याने दिला आणि दुसरी जिंकणाऱ्याने आणली. दोन्ही रीती इथे रुजल्या हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

तेव्हा या व्यवस्थांनी युद्ध टाळले, असे मी म्हणत नाही. प्रश्न असा आहे की युद्ध संपल्यावर काय उरले. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवला आहे. नाणी वितळवली नाहीत. तेच वजन, तीच चांदी, आणि कित्येकांवर खालचा नहपानाचा चेहरा अजून ओळखू येतो. बाजाराने ज्या नाण्यावर विश्वास ठेवला होता ते बाद करण्याची चैन विजेत्याने केली नाही. प्रशस्तीतला गौतमीपुत्र शत्रूचे नाव पुसतो, टांकसाळीतला गौतमीपुत्र शत्रूची चांदी जपतो. इतिहासकाराने दुसऱ्यावर जास्त भरवसा ठेवावा, असे माझे मत आहे.

आजची राष्ट्रे म्हणजे शक-सातवाहन नव्हेत, असे कोणी म्हणेल. खरे आहे; पण सरकारांच्या स्नेहावर न विसंबणारी व्यवस्था आजही इथे दिसते. जुन्नर तालुक्यातल्याच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिचा वेळ देशोदेशींच्या खगोलशास्त्रज्ञांना प्रस्तावाच्या गुणवत्तेवर मिळतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे शियापारेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश खोडदने टिपला. यान कोसळले, पण उतरतानाची माहिती हाती आली. कुठल्या दोन सरकारांचे कधी बिनसेल हे दुर्बिणीच्या हाती नाही. पण अर्ज कसा करायचा आणि निवड कशी होते हे ठरलेले असते, म्हणून संबंध पुन्हा जुळताना नव्याने ओळख काढावी लागत नाही.

जुन्या काळी, सत्ता बदलूनही ठरलेली व्यवस्था पुढे चालू राहण्याची ही गोष्ट कार्ल्याच्या लेण्यात घडलेली दिसते. तिथे ऋषभदत्ताच्या लेखात करजिक हे गाव वलूरक, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यातल्या भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. त्याच लेण्यात पुढच्या काळातला एक सातवाहन राजादेश आहे, आणि तो बहुधा गौतमीपुत्राचाच मानला जातो. शकांचे राज्य तेव्हा गेलेले होते. नव्या राजाने आपल्या अंमलदाराला आज्ञा दिली आहे, की वलूरकच्या भिक्षूंना करजिक गाव द्यावे.