शून्यावर चार : सांगलीच्या कॅप्टनची हरलेली सिरीज

शुक्रवारी रात्री पुण्याहून सांगलीच्या एसटीत बसलो. साताऱ्याच्या स्टँडवर चहा पिताना ऑफिसमधला मित्र मोबाईलवर 2004 ची एनबीए फायनल बघत होता. शॅक, कोबी, मलोन, पेटन असे चार दिग्गज एका टीममध्ये, आणि डेट्रॉईटने लेकर्सना 4-1 असं धुतलं. "एवढे स्टार असून हरतात कसे रे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, सांगलीकराला हे विचारू नकोस. आमच्याकडे याची जुनी केस आहे!

विजय हजारे. जन्म सांगलीचा, 11 मार्च 1915. ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध 1948 साली ॲडलेडला एकाच टेस्टमध्ये 116 आणि 145 काढणारा माणूस. फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला त्याच्याच कॅप्टन्सीखाली भारताने पहिली टेस्ट जिंकली, तीही 25 व्या टेस्टमध्ये. विनू मंकडच्या 12 विकेट्स, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांची शतकं. चारच महिन्यांनी ही मंडळी इंग्लंडमध्ये होती. हजारे, उम्रीगर, रॉय, मांजरेकर, फडकर, गुलाम अहमद... कागदावर टीम कशी दिसते सांगा?

जूनमध्ये लीड्सला पहिली टेस्ट. पहिल्या डावात 3 बाद 42 वरून मांजरेकर (133) आणि हजारे (89) यांनी 222 ची भागीदारी केली. म्हणजे सुरुवात काही वाईट नव्हती. पण दुसऱ्या डावात 14 बॉलमध्ये धावफलक झाला शून्यावर चार! फ्रेड ट्रुमन नावाच्या पोराची ती पहिलीच टेस्ट. त्याने तीन काढले, एक बेडसरने. ट्रुमनची हॅटट्रिक चुकवायला आत आला तो आपला कॅप्टन. त्याने 56 काढले, फडकरने 64. तरी मॅच गेलीच. पुढे लॉर्ड्सही गेलं. मँचेस्टरला तर एकाच दिवसात 58 आणि 82 वर दोनदा ऑल आऊट, ट्रुमन 31 धावांत 8. ओव्हलला पहिले पाच फलंदाज 6 धावांत परत, पावसाने वाचवलं. सिरीज 3-0. ट्रुमनच्या 29 विकेट्स.

आता कारणं. "आपले लोक घाबरले" असं म्हणून विषय संपवायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. उम्रीगरचंच बघा. त्या दौऱ्यात त्याने काऊंटी वगैरे सामने धरून 1600 च्या वर धावा काढल्या, पण टेस्टच्या सात डावांत मिळून फक्त 43! आणि याच उम्रीगरने 1962 साली पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ली हॉलसमोर 56 आणि नाबाद 172 काढल्या. म्हणजे माणूस कच्चा नव्हता, सराव नव्हता. निस्सार आणि अमरसिंग गेल्यानंतर देशात खरा वेगवान बॉलरच उरला नव्हता. नेटमध्ये जे कधी दिसलंच नाही, ते थेट टेस्टमध्ये कसं खेळणार? आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग न करता कोड थेट लाईव्ह केला.

दुसरं, मद्रासच्या विजयाने फसवलं. त्या हिवाळ्यात इंग्लंडने हटन, कॉम्प्टन, बेडसर, लेकर यांना भारतात पाठवलंच नव्हतं. जिंकलो ते दुय्यम टीमशी. विजय खरा, पण त्यावरून काढलेला अंदाज चुकीचा.

तिसरं सगळ्यात लागणारं. विनू मंकड संघात नव्हताच! हासलिंगडन क्लबचा करार समोर असताना त्याने बोर्डाकडे निवडीची हमी मागितली. बोर्डाने दिली नाही, तो लँकेशायर लीगमध्ये खेळायला गेला. लीड्स हरल्यावर बोर्ड त्याच क्लबच्या दारात गेलं. मंकड आला आणि लॉर्ड्सवर 72 आणि 184 काढल्या, वर 5 विकेट्स. तरीही हरलो. म्हणजे चूक केली, ती दुरुस्तही केली, पण एक माणूस आणून जुनं भोक बुजत नाही.

हजारेने स्वतः त्या सिरीजमध्ये 333 धावा काढल्या, सरासरी 55.50. कॅप्टनने आपलं काम केलं होतं. पण दोष मात्र बहुतेक वेळा मैदानावरच्या माणसांवर येतो, निवड करणाऱ्यांवर नाही.

हे मला का टोचतं सांगतो. मागे एका प्रोजेक्टमध्ये आमच्याकडेही सगळे हुशार होते. डेडलाईन हुकल्यावर मीच दोघा ज्युनियरना मनातल्या मनात दोषी ठरवलं होतं. त्यांना ज्या कामावर टाकलं, ते त्यांनी आधी कधीच केलं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. मी बोललो नाही. शून्यावर चार बघितलं की ते आठवतं.

सांगली यायच्या आधी मित्राला डुलकी लागली होती. त्यामुळे त्याला उत्तर इथेच देतोय : स्टार किती आहेत ते नंतर मोज, आधी बघ समोर काय येणार आहे याची तयारी कुणी करून घेतली का.

असो. घरी आई वाट बघतेय. भेटू पुढच्या शनिवारी.